आर-सतरा

अकरा वर्षं मी आर-सतरा लावला.
सीप्झच्या गेटावर पर्स तपासून, डबा उघडून दाखवून आत,
डोक्याला टोपी, मनगटाला अर्थिंगचा पट्टा,
आणि समोरून सरकत येणारी हिरवी पाटी.
तपकिरी, काळा, नारिंगी, शेवटी सोनेरी:
दहा हजार ओहम.
पाय वाकवायचे, भोकात घालायचे, कथिल, धूर, कटरचा टक्.
पुढची.
दिवसाला तीनशे चाळीस.

हा करतो काय, असं एकदा विचारलं सुपरवायझरला.
म्हणाला, तो त्याचं काम करतो, तुम्ही तुमचं करा.

शेजारी फिलोमिना डाबरे, सी-नऊवर.
चांगला डाख टेकडीसारखा उतरत येतो, म्हणायची, आणि चकाकतो.
वाईट असला तर चिकूची साल.
ती बघायचीसुद्धा नाही, बोट फिरवून सांगायची.
पाटी पुढे कुणाच्या पोटात जाऊन बसते
दोघींनाही ठाऊक नव्हतं.
ती म्हणे रेडिओ. मी म्हणे लढाईचं काहीतरी.
कंपनीला टाळं लागलं त्या दिवशीही कळलं नाही.

आता जोगेश्वरीला, सून कामावर गेली की
ओट्यावर पोळपाटाच्या बाजूला माझी इस्त्री तापते.
तिला मी अजून इस्त्रीच म्हणते.

लॅमिंग्टन रोडवर काउंटरचा पोरगा म्हणाला,
मावशी, मुलाचा प्रोजेक्ट का?
हो म्हटलं.
चार दुकानं पुढे गेले, आणि परत फिरले.
माझा आहे.
आणि हा ट्रान्झिस्टर डुप्लिकेट आहे, नखानं छपाई निघते बघ.
त्यानं गुपचूप वरच्या खणातला काढून दिला,
वर अभ्रकाच्या दोन चकत्या फुकट.

प्रीअँप म्हणजे, मला समजलं तेवढं सांगते,
कुजबूज नीट ऐकून घेणारा माणूस.
अँप तेच गल्लीभर सांगत सुटतो.
पहिल्यानं चुकीचं ऐकलं
तर दुसरा ती चूकच ओरडणार.
म्हणून पैसे पहिल्यावर घातले.

आणि पहिल्या दिवशी नुसती घूं.
पितळेच्या डब्यात भुंगा कोंडल्यासारखी.
फ्रिज बंद केला. ट्यूब बंद केली.
शेजारच्या देवरुखकरांचा मिक्सर थांबेपर्यंत थांबले.
ट्रान्सफॉर्मर आडवा केला, उभा केला,
बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घातला.
घूं.
तीन आठवडे मला झोपेतही तीच.
मग एका दुपारी, भात उतू जात असताना, दिसलं:
अर्थ मी दोन ठिकाणी जोडला होता.
अर्थ एकाच जागी जोडायचा असतो.
सगळ्या काळ्या तारा सोडवल्या,
एका स्क्रूखाली आणल्या.

नकाशात एक रेझिस्टर आहे.
बाहेर निघालेल्या आवाजातला थोडा
तो पुन्हा आत घेऊन येतो,
म्हणतो, बाई, हळू. एवढं नको.
दहा हजार ओहमचा.
माझ्या सर्किटात रेझिस्टर सगळे मिळून नऊ,
तरी त्याच्या शेजारी मी पेन्सिलीनं लिहिलं
आर-सतरा.

स्विच टाकला. काही नाही.
इतकं काही नाही की वाटलं, मेलं.
मग इनपुटच्या उघड्या टोकाला
ओलसर बोट टेकवलं.
स्पीकर गुरगुरला.
ना कॅसेट, ना रेडिओ, नुसतं बोट,
जळून टणक झालेलं, अकरा वर्षांचं.
उचललं, गप्प.
टेकवलं, घुमला.
किती वेळ तेच करत बसले,
डाळ लागली खाली.

वसईला फोन लावला.
फिलोमिनाला आता एका कानानंच येतं,
दोनदा सांगावं लागलं.
ती म्हणाली, सी-नऊचं पण बघून ठेव काय करतो.

संध्याकाळी सून आली, ओट्यावरचा पसारा बघितला,
स्पीकरकडे बघितलं.
छान आहे हो, म्हणाली. काय वाजवणार यावर?

ते अजून ठरलेलं नाही.